स्टेअरिंग वळलं, ट्रॅक्टर वळला नाही

जानेवारीचा शेवटचा आठवडा, रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले. टोळीनं दिवसभर तोडलेला ऊस ट्रॉलीत भरून झाला होता आणि मळीच्या रानातून डांबरीला लागेपर्यंतची पाणंद तेवढी पार करायची होती. बापू ट्रॅक्टरवर, मी बॅटरी घेऊन पुढं चालत. ओढ्याच्या अलीकडं पाणंद एकदम डावीकडं वळते. कुणाचं तरी उसाचं पाणी फुटून वळणावर आलं होतं, त्यामुळं तिथं चिखल. बापूनं स्टेअरिंग डावीकडं पुरतं फिरवलं. पुढची दोन्ही चाकं डावीकडं वळलेली मला बॅटरीच्या उजेडात स्वच्छ दिसली. ट्रॅक्टर मात्र नाकासमोर चालत राहिला, वळलेली चाकं चिखलावरून खरवडत. मी बांधावर उडी मारली म्हणून वाचलो. ट्रॅक्टर तात्यांच्या हळदीत घुसला, चार सऱ्या चेपल्या आणि बापूनं डावा ब्रेक मारल्यावर कुठं तोंड फिरवून थांबला.

सकाळी तात्या बांधावर उभे. काढणीला आलेली हळद. त्यांनी शिवी दिली नाही, एवढंच म्हणाले, "हळद माझी, आणि लगीन तुझ्या ट्रॅक्टरचं व्हय रं?"

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. ट्रॅक्टर ४५ एचपीचा, साधा, म्हणजे मागच्याच दोन चाकांना ताकद जाणारा. पुढचे टायर ट्रॅक्टरसोबत आलेले, सात हंगाम झालेले. आण्णांनी ते बघितले आणि विषय एका वाक्यात संपवला, "टायरं गेल्यात. सांगलीला जा, जोडी घेऊन ये." मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात त्या जोडीला अकरा दिवस लागले, आणि सुरुवातीला तर मी चुकीचाच टायर घ्यायच्या बेतात होतो.

ज्यांनी ट्रॅक्टरची चाकं नीट बघितली नसतील त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मागच्या टायरवर तिरक्या जाड गाठी असतात, त्या माती धरून ट्रॅक्टर पुढं ढकलतात. पुढच्या टायरवर गाठी नसतात. तिथं चाकाच्या गोलाईभर फिरणारे उंच पट्टे असतात, बहुतेक टायरना तीन. दुकानदार त्यांना रिब म्हणतात, आमच्याकडं सरळ धार म्हणतात. मधली धार बाजूच्या दोन्हींपेक्षा जरा उंच असते. चाक वळवलं की ही धार मातीत रुतते आणि तिच्या बाजूच्या भिंतीला माती अडते. ट्रॅक्टर वळतो तो त्या भिंतीच्या जोरावर. धार संपली की टायर म्हणजे नुसता गुळगुळीत डबा. तो वळवला तरी ट्रॅक्टरला ते कळत नाही. डांबरीवर रबर आणि डांबराच्या घासण्यावर भागून जातं, म्हणून महिनोन्‌महिने काही जाणवत नाही. चिखल आला की उघडं पडतं.

आमच्या टायरची मधली धार नावापुरती उरली होती. आतल्या बाजूची त्याहून वाईट. बाहेरची मात्र बऱ्यापैकी शाबूत. हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. त्याचा अर्थ काय, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

गावात टायर घ्यायचाय म्हटलं की माणूस एकटा राहत नाही. सोसायटीच्या कट्ट्यावर संध्याकाळपर्यंत मला चार सल्ले मिळाले होते.

पहिला सल्ला जीपच्या टायरचा. आमच्या पुढच्या टायरवर आकडा आहे ६.००-१६. बोलताना सगळे सहाशे सोळा म्हणतात. म्हणजे टायर अदमासे सहा इंच रुंद आणि आतल्या रिमचा व्यास सोळा इंच. जुन्या विलिस जीपचा टायर अगदी याच मापाचा होता, त्यामुळं जुन्या बाजारात असले टायर अधूनमधून मिळतात आणि कुणीकुणी ते ट्रॅक्टरला पुढं घालतातही. रिमवर चपखल बसतात. पण जीपच्या टायरची नक्षी चारही चाकांना ओढ मिळावी म्हणून केलेली, ठोकळ्याठोकळ्यांची. तिच्यात सलग धार नसते. बिनधारेचे टायर काढून दुसरे बिनधारेचे घालण्यात काय हशील? हा सल्ला मी तिथंच सोडला. सल्ला देणाऱ्याच्या गोठ्यामागं तसली एक जोडी विकायला पडून होती, हे मला नंतर कळलं.

दुसरा सल्ला पंक्चरवाल्याचा: रिमोल्ड कर. मागच्या टायरना आमच्याकडं सर्रास नवं रबर चढवतात, आम्हीही एकदा चढवलं होतं. मागचा टायर मोठा आणि महाग, त्याची हाडं शाबूत असली तर रिमोल्ड परवडतं. पुढचा टायर त्या मानानं स्वस्त, आणि त्याच्यावर स्टेअरिंगचा जीव. भरल्या ट्रॉलीनं उताराला लागल्यावर पुढचं चढवलेलं रबर सुटलं तर काय, हा विचार डोक्यात आला आणि तोही बेत गेला.

तिसरा सल्ला देणारा शेजारी फोर बाय फोरवाला. त्याला स्वतःच्याच पुढच्या टायरचं माप वाढवायचं होतं आणि माझ्यासोबत दोघांचे एकदमच घेऊ म्हणत होता. फोर बाय फोरचं प्रकरण पूर्ण वेगळं. तिथं पुढच्या चाकांनाही गिअरमधून ताकद जाते आणि पुढचं-मागचं माप एकमेकांशी हिशेबानं जुळवलेलं असतं, पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त पळतील असं. एका बाजूचं माप मनानं बदललं की चाकं एकमेकांशी भांडतात आणि मार गिअरवर येतो. त्याला हे सांगितलं. पटलं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

चौथा सल्ला माझ्या चुलतभावाचा, आणि मी भुललो तो त्याला. त्याच्याकडं आमच्याच मॉडेलचा ट्रॅक्टर आहे, पुढं साडेसातशे सोळाचे टायर घातलेले. दिसायला देखणा. सहाशेवाला ट्रॅक्टर त्याच्याशेजारी उपाशी वाटतो. "रुंद टायर म्हणजे जास्त पकड," तो म्हणाला. मान डोलावण्यासारखंच वाक्य आहे. मी मान डोलावली, रात्री बायकोला सांगितलंही की साडेसातशेच घेणार.

त्याच रात्री मेव्हण्याचा फोन आला. तो लष्करात ईएमईमध्ये होता, गाड्या दुरुस्तीत. आता निवृत्त होऊन तासगावला द्राक्षबाग बघतो. नोकरीतली काही वर्षं काश्मीरमध्ये गुलमर्गला काढली. तिथं लष्कराची उंच डोंगरांतल्या लढाईचं शिक्षण देणारी शाळा आहे, १९४८ पासूनची. हळदीची हकीकत ऐकून तो आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, "दाजी, हे आमच्या स्नो स्कूटरचंच दुखणं की."

स्नो स्कूटर मी फक्त फोटोत बघितलेली. मागं एक रुंद रबरी पट्टा, रणगाड्यासारखा फिरणारा, तो ढकलतो. पुढं चाकांच्या जागी दोन स्की, बर्फावर सरकणाऱ्या, हँडलला जोडलेल्या. म्हणजे ढकलणारं मागं आणि वळवणारं पुढं, आमच्या ट्रॅक्टरसारखंच. मेव्हणा सांगत होता की स्की वरून दिसते ती नुसती सपाट फळी, खरं काम तिच्या पोटाखाली. तिथं नावेच्या तळासारखा एक उभा कणा असतो आणि त्या कण्याखाली पोलादी सळई बसवतात, तिला कार्बाइडचे कठीण तुकडे जडवलेले. वळताना ती सळई बर्फ कापते. ती झिजली की हँडल वळतं आणि स्कूटर सरळ जाते.

"मग रुंद स्की बसवायची," मी म्हणालो.

"कशासाठी? ताजा, भुसभुशीत बर्फ असंल तर रुंद. ती वर तरंगती, रुतत न्हाई. पण तुडवून कडक झालेल्या बर्फावर रुंद स्की नुसती वर वर सरकती. तिथं अरुंद आणि खोल कण्याची पाहिजे. आता लई खोल कणा घेतला तर हँडल जड, हात भरून येत्यात. शिवाय आधीच्या गाडीची चाकोरी सापडली की ती स्की त्या चाकोरीतनं बाहेर निघायला तयार न्हाई. तुम्ही उजवीकडं म्हणताय, ती म्हणती मी माझ्या वाटंनं."

चाकोरी हा शब्द मला तिथं अपेक्षित नव्हता. आमच्या पाणंदीला ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या घोटाघोटाएवढ्या खोल. पुढचं चाक त्यात पडलं की बाहेर काढताना बापूचा दंड फुगतो.

फोन ठेवता ठेवता तो आणखी एक बोलून गेला. "आणि नवी घ्यायच्या आधी जुनी कशानं खराब झाली ते बघा. स्की आणि तिच्या दांड्याच्या मधी रबराचा ठोकळा असतोय. तो मेला असंल तर नवीकोरी स्कीसुद्धा वेडीवाकडी पळती. आमच्यात नवीन आलेली पोरं नेमकी हीच चूक करायची, स्की बदलायची आणि ठोकळा तसाच."

ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. डोक्यात रुंद-अरुंदाचंच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी चुलतभावाचा ट्रॅक्टर तासभर मागून घेतला. आधी मळीच्या रानात, लागणीसाठी रोटर मारून भुसभुशीत केलेल्या पट्ट्यात. कबूल करायला हवं, तिथं साडेसातशेचा टायर सुरेख चालला. आमचा सहाशे जिथं चार बोटं रुततो तिथं तो दोन बोटांवर राहिला. पुढचं तोंड हलकं, इंजिनवर ताण कमी. मग पाणंदीच्या त्याच वळणावर आणला. मुद्दाम पाण्याचं टिपाड ओतून चिखल केला, बापू मला वेड्यात काढत असताना. रिकामा असूनही तो तिथं वळायला नाखूश. वळला, पण हातभर जास्त जागा घेऊन. रुंद असल्यामुळं वजन पसरतं, धार खोल जात नाही, आणि खोल गेली नाही तर अडवायला भिंत कुठली? भर म्हणजे उभ्या जागी स्टेअरिंग फिरवायला आमच्यापेक्षा कितीतरी जड. त्याच्याकडं पॉवर स्टेअरिंग आहे म्हणून त्याला ते कळत नाही. आमच्याकडं साधं.

आमचा ट्रॅक्टर वर्षाचे चार महिने काय करतो? ऊस ओढतो. पाणंद, डांबरी, कारखान्याचं आवार आणि परत. मळीच्या रानात त्याचं काम फार तर पंधरा-वीस दिवसांचं. चुलतभाऊ उसाची वाहतूक करतच नाही, त्याचं सगळं काम रोटर आणि सरी सोडण्याचं. त्याच्या जागी त्याचं बरोबर होतं. मी त्याच्या रानाचा टायर माझ्या पाणंदीला घालायला निघालो होतो. बायकोला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, चिखल तरी कामी आला."

मग सांगली. शंभर फुटी रस्त्यावर गॅरेज आणि स्पेअरची दुकानं एकाला एक लागून आहेत. तिथं तीन दुकानं फिरलो. मधलं माप साडेसहाशे सोळा, हे पहिल्या दुकानात डोक्यात शिरलं. सहाशेपेक्षा अर्ध्या इंचानं रुंद, थोडा उंच, आणि आमच्याच रिमवर बसणारा. साडेसातशेला रिमही रुंद लागते, म्हणजे टायरवर रिमचा खर्च. सहाशेच्या रिमवर साडेसातशे कोंबून बसवणारेही आहेत. त्यात टायरचं पोट गोल फुगतं आणि बाजूच्या धारा जमिनीला टेकतच नाहीत.

मापानंतर ताकद. टायरवर ६ पीआर किंवा ८ पीआर असं लिहिलेलं असतं. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग. पूर्वी सुती धाग्याचे थर मोजायचे, तिथून आलेला आकडा. आता धागा नायलॉनचा, त्यामुळं ८ म्हटलं तरी आत प्रत्यक्ष आठ थर असतीलच असं नाही, आठ थरांएवढी ताकद एवढाच अर्थ. ऊस ओढणाऱ्यानं यात हात आखडू नये. आठच घ्यायचा हे ठरवून गेलो होतो. एमआरएफ, अपोलो, सीएट, बीकेटी, सगळ्यांचे तीन धारांचे होते. कंपनीवरून मी फार डोकं चालवलं नाही. प्रत्येक टायरच्या मधल्या आणि बाजूच्या धारेमध्ये बोट घालून खोली बघितली, आणि धारेच्या कडा गोलसर आहेत की काटकोनात ते बघितलं. दुकानातला पोरगा माझ्याकडं बघत होता. गिऱ्हाईक पहिल्यांदा भाव विचारतं, हा बोटं काय घालतोय?

दुसऱ्या दुकानात भाव एकदम चांगला निघाला. जोडीमागं सातशे रुपये कमी. मालक घाई करत होता, "शेवटची जोडी आहे." टायर उन्हाच्या बाजूला, दारातच टांगलेले. टायरच्या बगलेवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे ३१२४ असेल तर २०२४ सालातला एकतिसावा आठवडा. या जोडीवर एका टायरचा आकडा पाच वर्षांपूर्वीचा होता. दुसऱ्याचा आकडा भिंतीकडं. टायर फिरवून दाखवा म्हटलं तर मालकाला अचानक फोन आला. धारेच्या मुळाशी नख दाबलं तर बारीक केसासारख्या भेगा दिसल्या. पडून राहिलेलं रबर न वापरताही म्हातारं होतं, उन्हात आणखी लवकर. सातशे रुपये तिथंच ठेवून निघालो.

तिसऱ्या दुकानात चार महिन्यांपूर्वीचा माल मिळाला. साडेसहाशे सोळा, ८ पीआर, तीन धारा, नव्या ट्यूबसकट. ट्यूब जुनीच चालेल असं मी म्हणत होतो, पण ताणलेली जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये घडी पडून बसते आणि घडीवरच फाटते, हे दुकानदारानं स्वतः सांगितलं. ट्यूब विकायची होती म्हणून सांगितलं असेल, तरी खरंच सांगितलं.

सहाव्या दिवशी टायर गावात आले. आता तासाभराचं काम. पलूसला आमचे जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं ट्रॅक्टर नेला. त्यांनी नव्या टायरकडं बघितलंसुद्धा नाही. जुन्यांवरून हात फिरवला, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा. एका दिशेनं, मग उलट्या दिशेनं. मग मला म्हणाले, "हात लावा. आतून बाहेर फिरवा. आता बाहेरून आत."

एका दिशेनं गुळगुळीत, दुसऱ्या दिशेनं धारेच्या कडा करवतीसारख्या बोटाला लागल्या.

"टायर पळत न्हवता, फरफटत हुता," मिस्त्री म्हणाले. "चाकं तोंडं फिरवून बसल्यात. नवी जोडी घाला, दोन हंगामांत हीच गत. मग टायर कंपनीला शिव्या द्यायच्या?"

तेव्हा मला मेव्हण्याचा रबराचा ठोकळा आठवला.

त्यांनी पुढचा एक्सल जॅकवर उचलला. चाकाला वरून-खालून धरून हलवलं, हब कुरकुरला. बेअरिंग सैल. डावी-उजवीकडून धरून हलवलं तर एक चाक दुसऱ्याची वाट न बघता बोटभर फिरलं. टायरॉड म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारी दांडी, तिचे दोन्ही एंड मेलेले, आतला गोळा खळखळत होता. किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचा, बुशही एका बाजूनं खाल्लेला. ग्रीसचे निप्पल मातीनं बुजलेले. त्यांनी काडीनं माती उकरली आणि बापूकडं बघितलं. बापू आभाळाकडं बघायला लागला.

मग माप. ही पद्धत इतकी साधी आहे की आमच्या घरात कुणालाच माहीत नसावी याची लाज वाटली. स्टेअरिंग सरळ ठेवायचं. दोन्ही पुढच्या टायरच्या पुढच्या बाजूला, हबच्या उंचीला, मधल्या धारेवर खडूनं खूण करायची आणि दोन्ही खुणांमधलं अंतर टेपनं मोजायचं. मग ट्रॅक्टर ढकलून चाकं अर्धा फेरा फिरवायची, त्याच खुणा मागं येतात. पुन्हा मोजायचं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा तीन-चार मिलिमीटरनं कमी हवं, म्हणजे चाकांची तोंडं किंचित एकमेकांकडं झुकलेली. चालताना मातीचा दाब त्यांना बाहेर ढकलतो, मग ती सरळ होतात. आमचं पुढचं अंतर मागच्यापेक्षा जवळजवळ दोन सेंटिमीटर जास्त निघालं. दोन चाकं दोन गावांना निघालेली. आतली धार का संपली आणि बाहेरची का राहिली, ते उत्तर सात दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मधल्या धारेचं कारण वेगळं निघालं, आणि ते आमच्याच माणसाचं. कारखान्याजवळच्या ट्रकवाल्यांच्या कंप्रेसरवर बापू हवा भरून घ्यायचा, खणखणीत, टायरवर टामी आपटली की घंटेसारखी वाजली पाहिजे. गेज कधी लावलाच नाही. मिस्त्रींनी लावला तर ५५ पाउंड. आमच्या वापराला बत्तीसच्या आसपास पुरे. जास्त हवेनं टायरचं पोट फुगतं, सगळा भार मधल्या पट्ट्यावर येतो आणि तोच आधी जातो. वर कडक टायर चिखलात आणखीच घसरतो.

बापू बिचारा म्हणाला, "भरलेली ट्रॉली वडायची, हवा नको व्हय?" भार मागच्या चाकांवर असतो, पुढची उलट हलकी होतात, हे त्याला समजावताना मिस्त्रींना दुसरी गोष्ट दिसली. ट्रॉलीची दांडी वरच्या भोकात अडकवलेली. वरून ओढलं की ट्रॅक्टर मागं बसतो आणि नाक उचलतो. चढाला पुढची चाकं जवळजवळ अधांतरी. मग धार असली काय, नसली काय. दांडी खालच्या भोकात घेतली आणि पुढच्या बंपरला काढून ठेवलेली वजनं परत चढवली. ती आण्णांनीच काढली होती, डिझेल वाचतं म्हणून. डिझेल किती वाचलं कुणास ठाऊक, ब्रेक मात्र संपला. पुढून वळत नाही म्हणून बापू गेली दोन वर्षं डाव्या-उजव्या ब्रेकनं वळवत आला होता. त्यासाठी दोन पॅडल जोडणारी कडी कायम उघडी. ट्रॉली जोडलेली असताना ती कडी लावलीच पाहिजे, नाहीतर घाईत एकच पॅडल दाबलं गेलं तर ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा पाडू शकते. त्या रात्री हळदीत नेमकं एकच दाबलं होतं आणि ट्रॅक्टर उभा राहिला, ते आमचं नशीब. डाव्या ब्रेकचं लायनिंग नखाएवढं उरलेलं.

टायरला गेलेला मी टायरॉड एंड, किंगपिन बुश, दोन बेअरिंग, सील आणि ब्रेक लायनिंग घेऊन परतलो. सगळं मिळून टायरच्या जोडीएवढाच खर्च. आण्णांनी पावती दोनदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला. सामान यायला तीन दिवस गेले, तोपर्यंत आमचा ऊस दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं भाड्यानं गेला.

टायर चढवायचं काम मात्र खरंच तासाभराचं. रिमची आतली बाजू तारेच्या ब्रशनं घासली, गंज होता. ट्यूबला पावडर चोळली. टायरच्या कडेला साबणाचं पाणी. थोडी हवा भरून सोडली, मग पुन्हा भरली, म्हणजे ट्यूबची घडी मोडते. टायरच्या कडेलगत एक बारीक उंच रेघ असते. ती रिमपासून चहूबाजूंनी सारख्या अंतरावर आहे का, ते बोटानं तपासलं. एके ठिकाणी आत गेली होती, तर पंक्चरवाला म्हणाला, चालताना बसंल. मी म्हटलं, आत्ताच बसव. त्यानं बसवला, तोंड वाकडं करून. या अकरा दिवसांत माझ्या स्वभावात एवढा खडूसपणा आला होता.

शेवटी पुन्हा खडू, पुन्हा टेप. पुढं चार मिलिमीटर कमी.

पहिला आठवडा स्टेअरिंग मला जड वाटलं. नव्या धारा डांबरीवर गुरगुर आवाज करतात, आणि पाणंदीतल्या चाकोरीत चाक पडलं की सहज बाहेर येत नाही, मेव्हणा म्हणाला होता तसंच. साडेसातशे घेतले असते तर चाकोरीचा हा त्रास कमी झाला असता, हेही खरं. त्यावर उपाय म्हणून मुरमाच्या दोन ट्रॉल्या पाणंदीत टाकल्या. अर्ध्या आम्ही, अर्ध्या तात्यांनी. हळदीच्या भरपाईचा विषय त्यांनी त्या मुरमात मिटवला, असं आण्णा म्हणतात. तात्या तसं म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

जुने दोन्ही टायर मी दुकानात दिले नाहीत. गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवलेत. गावात कुणी टायर घ्यायला निघालं की मी त्याला आधी तिथं नेतो आणि हात फिरवायला लावतो, आतून बाहेर आणि बाहेरून आत. फोर बाय फोरवाला शेजारीही येऊन गेला. हात फिरवला, हूं म्हणाला, आणि दोन दिवसांनी मोठ्या मापाची जोडी घेऊन आला.

पाणंदीतली पहिली भरलेली खेप रात्रीचीच होती. मी पुन्हा बॅटरी घेऊन पुढं, पण या वेळी बांधावरून. ओढ्याजवळ बापूनं स्टेअरिंग कापलं. चाकं वळली, धारांनी चिखलात दोन-तीन काळ्या रेघा ओढल्या आणि ट्रॅक्टरचं तोंड मुकाट डावीकडं आलं. मी खाली वाकून बघितलं तर बापूचा उजवा पाय ब्रेकच्या पॅडलवर तयार.

"काढ की पाय. कडी लावलीय, वळला बी आता."

"मला कळतंय, दादा," बापू म्हणाला. "पायाला कुठं कळतंय अजून."